अर्ध्या तासाचे नाटक

एकांकिकेविषयी बोलताना आपल्याकडे 'पायरी' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. एकांकिका ही दोन अंकी नाटकाची पायरी, नाटक ही मालिकेची आणि मालिका ही चित्रपटाची. या जिन्यावर कुणी कुठवर पोहोचले याच्या कथा मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. पहिल्या पायरीवर उभे राहून त्या मुलाने नेमके काय लिहिले होते, हे मात्र क्वचितच कुणाला आठवते. नांदेड आणि लातूर येथे होणाऱ्या नव्या एकांकिका आम्ही काही वर्षे नियमाने पाहत आलो आहोत. परीक्षकाच्या खुर्चीतून नव्हे. मागच्या रांगेत, दोन प्रयोगांच्या मध्ये चहाला बाहेर जाणाऱ्या प्रेक्षकांतून. तेथे जे पाहिले त्याचा आस्वाद कसा घ्यावा, यावर थोडे लिहावे असे मनात आहे.

आधी वेळेविषयी. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाची परंपरा १९६३ पासूनची. तेथे एकांकिकेला तासाभराचा अवकाश मिळतो. आमच्याकडील बहुतेक मुलांचे पहिले लेखन होते ते विद्यापीठीय युवक महोत्सवासाठी, आणि तेथील नियमाने एकांकिका तीस मिनिटांत संपली पाहिजे, नट नऊपेक्षा अधिक नसावेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात. म्हणजे किनवटचा संघ आणि निलंग्याचा संघ एकाच रंगमंचावर, एकाच घड्याळाखाली उभे राहतात. तीस मिनिटांत पात्रपरिचयाला जागा नाही, उपकथानकाला नाही. ज्याला हे उमगते तो नाटक मधूनच सुरू करतो. ज्याला उमगत नाही तो दोन अंकांचे नाटक पिळून तीस मिनिटांत बसवतो, आणि मग दर चार मिनिटांनी ब्लॅकआउट, त्यात बासरी, पुन्हा उजेड, पुन्हा बासरी. असो.

लातूरला पाहिलेली एक एकांकिका आमच्या मनातून जात नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. सुमारे १०,००० माणसे गेली. हे सारे त्या एकांकिकेच्या लेखकाच्या जन्माच्या दहा-बारा वर्षे आधीचे. त्याने नाटकासाठी घेतली ती फक्त विसर्जनाची रात्र. रंगमंचावर एक बाज, एक दार, बस्स. गुलालाने माखलेला नातू घरी येतो आणि मित्रांबरोबर बाहेर अंगणात झोपायचा हट्ट धरतो. आजी त्याला आत बोलावते आहे. मध्ये ती सहज सांगते की यंदा माळवदावर दोन पाट्या माती जास्त टाकून घेतली, आता थेंबही गळायचा नाही.

आमच्या भागातील माळवद ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यात भर पडत जाते. उन्हाळ्यात गार राहणारे हेच छप्पर आणि त्याखालच्या ओबडधोबड दगडी भिंती त्या पहाटे माणसांवर कोसळल्या. सभागृहात त्या क्षणी जी शांतता पसरली ती कोणत्याही पार्श्वसंगीताने आणता आली नसती. पुढे पंधरा मिनिटे आजी-नातवाची ती लाडिक ओढाताण चालते, आणि प्रेक्षक मनातल्या मनात त्या पोराने हट्ट सोडू नये म्हणून विनवीत राहतो. अखेर आजी म्हणते, "आत नीज रं लेकरा, दव पडायलंय." तो आत जातो. ती दाराला कडी लावते. दिवा मालवतो. नाटक संपते.

नंतर परीक्षकांपैकी एकांनी अभिप्राय दिला की लेखन संयत आहे, परंतु भूकंप दिसला नाही. प्रकाश आणि ध्वनी यांचा वापर करून तो दाखवता आला असता. मुले माना हलवून ऐकत होती. आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ तोवर उठून बाहेर गेले होते.

त्या एकांकिकेत उणे नव्हते असे नाही. मध्येच एक गुरुजी येऊन जुन्या घरांविषयी चार मिनिटे माहिती देतात. ते पात्र सरळ काढून टाकावे. पण वरील अभिप्रायात आम्हांला खटकले ते वेगळेच. मराठवाड्यातून आलेल्या नाटकाकडून आपण घटना मागतो : भूकंप, दुष्काळ, दोर घेऊन उभा असलेला शेतकरी. मुलांनाही ही मागणी पाठ झाली आहे. टांगता दोर, फाटके धोतर आणि शेवटी प्रेक्षकांकडे बोट दाखवून केलेला आक्रोश, यांची एकांकिका आता साच्यातून काढल्यासारखी निघते आणि बक्षीसही मिळवते. विषयाला नमस्कार केला की नाटकाकडे पाहण्याचे कष्ट वाचतात.

उलट उदाहरण नांदेडचे. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागू झाली होती : पाचांहून अधिक माणसांनी एकत्र यायचे नाही. पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. रेल्वेची छायाचित्रे देशभर गेली. नांदेडच्या या मुलांनी रेल्वे सोडून दिली आणि जमावबंदी उचलली. रंगमंचावर घागरींची लांब रांग. माणसे कडेच्या सावलीत, पाच-पाचांच्या आत, पांगलेली. हवालदार मोजायला येतो तेव्हा माणसे नियमात बसतात आणि घागरी बसत नाहीत. घागरींचा जमाव हा जमाव मानायचा काय, यावर जो वाद रंगतो तो निखळ फार्सचा. बायका आपापली घागर पोच्यावरून ओळखतात. आणि रांगेतील सातवी घागर आपल्याच घरची आहे हे हवालदाराच्या ध्यानात येते, तेव्हा हसता हसता घशात काहीतरी अडकते. खेदाची गोष्ट अशी की शेवटी एक पुढारी येतो आणि भाषणबाजी सुरू होते. टाळ्या तेथेच सर्वाधिक पडल्या. आमच्या मते नाटक त्याआधी पाच मिनिटे संपले होते.

आणखी एक बदल आम्हांला मोलाचा वाटतो, आणि तो भाषेचा आहे. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू. देगलूर-उदगीरकडे कन्नड आणि तेलुगू शेजारी. त्यामुळे येथील बोली अनेक पाण्यांवर वाढलेली. 'काय करायलास?' असे विचारणारे पात्र पूर्वी रंगमंचावर आले की प्रेक्षकाने हसायचे, हा संकेत होता. पात्र गंभीर झाले की आपोआप प्रमाण मराठी बोलू लागे. मरण, प्रेम आणि विचार यांना बोली चालत नसे. नव्या लेखकांच्या पात्रांना आपल्या घरच्या भाषेत विचार करता येतो. वरच्या आजीचे शेवटचे वाक्य 'दव पडते आहे' असे असते तर ते कुणाच्याही आजीचे झाले असते.

ही वाट निर्माण करणाऱ्यांत नांदेडचे दत्ता भगत यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 'वाटा पळवाटा'मुळे ते महाराष्ट्राला आणि भाषांतरातून बाहेरही ठाऊक झाले. पण 'आवर्त'सारख्या एकांकिका लिहिणारे भगत हे त्या नाटकाची पूर्वतयारी करत होते, असे म्हणणे आम्हांला मान्य नाही. जालना जिल्ह्यातील जांब समर्थचे राजकुमार तांगडे हे शेती करता करता लिहिणारे. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या २०१२ च्या नाटकाने त्यांचे नाव सर्वदूर झाले. आम्हांला मात्र त्यांच्या 'आकडा'चे नावच पुरेसे बोलके वाटते. विजेच्या तारेवर टाकलेला आकडा म्हणजे काय, हे आमच्या प्रेक्षकाला पडदा उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. तेव्हाच्या औरंगाबादेत उभी राहिलेली 'जिगीषा' मुंबईस गेली, प्रशांत दळवींचे 'चारचौघी' १९९१ मध्ये आले आणि गाजले. याचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु जो मुंबईस गेला त्याचाच आरंभ मोलाचा, हा न्याय आम्हांला पटत नाही.

कारण बहुतेक जण जात नाहीत. लातूरच्या त्या एकांकिकेचा, आमच्या माहितीप्रमाणे, दुसरा प्रयोग झाला नाही. फेरीत ती पुढे गेली नाही, आणि फेरीबाहेर एकांकिका करायला पैसा, सभागृह आणि सुट्टी यांपैकी एकही गोष्ट त्या मुलांपाशी नव्हती. नऊ जणांपैकी निम्मे पुढच्या वर्षी महाविद्यालयातच नव्हते. लेखक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागला. संहिता आम्ही मागून घेतली : अठरा पाने, झेरॉक्स, समासात पेन्सिलीने दिव्यांच्या खुणा. गुरुजींच्या प्रवेशावर तालमीत कुणीतरी काट मारली होती आणि ती नंतर खोडरबराने पुसून टाकलेली दिसते.