जुन्या इंजिनाची निगा

डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेली मारुती 800 हैदराबादेत 2010 पासूनच, भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्याने, नवी मिळेनाशी झाली. त्यामुळे तिथल्या विद्यानगरच्या गल्ल्यांत उरलेल्या अशा गाडीचे आयुष्य मालकाच्या निगेवरच अवलंबून राहते. तिचे 796 सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन साधे असल्याने ऑइल बदलणे किंवा स्पार्क प्लग, म्हणजे इंधनमिश्रण पेटवणारी ठिणगी देणारा भाग, काढून पाहणे घरीही जमते. प्लगवरची कोरडी काळी काजळी बहुधा मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे सांगते. अधिक जपावे लागते ते पाण्याला: बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिनाची उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीत, ओतत राहिल्यास आत थर साचतो, उन्हाळ्यात इंजिन तापते आणि सिलिंडर व हेड यांमधील गॅस्केट जळते, म्हणून डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच घालावे आणि झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा, मात्र जाणत्या मेकॅनिकवर सोपवावा, कारण स्वतः दुरुस्ती करणाऱ्याची प्रगल्भता किती काम केले यापेक्षा तो कोठे थांबला यावरून अधिक ओळखू येते.