शिरोरेषा

गेल्या पावसाळ्यात पौडजवळच्या एका शाळेत प्रोजेक्टर लावत होतो. स्लाइड मुळशी सत्याग्रहाच्या होत्या. १९२१ साली टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांबरोबर इथली माणसं उभी राहिली, तो लढा. सभागृहाच्या बरोबर मध्ये खांब होता, म्हणून मशीन डाव्या अंगाला ठेवलं, कीस्टोन फिरवून चौकट काटकोनात आणली आणि बाईंना म्हणालो, "झालं, सरळ आहे."

मागून भाची म्हणाली, "मामा, 'मुळशी'वरची रेघ तीन ठिकाणी तुटलीय."

सगळ्यांसमोर मी तिच्यावर डाफरलो. मग पडद्यापाशी गेलो, अगदी वीतभर अंतरावर. रेघ तुटलेली नव्हती, पायरी-पायरीनं उतरत होती. तीनच पायऱ्या, पोरीनं सांगितलेल्या तेवढ्याच. मशीनपाशी उभं राहून मला त्यातली एकही दिसली नव्हती.

ही पायरी माझी जुनी वैरीण. कीस्टोन पडद्यावरचं चित्र सरळ करत नाही, आतल्या चिपवर तेच चित्र मुद्दाम वाकडं काढतो. १२८०×८०० ठिपक्यांतले कडेचे ठिपके काळे पडतात आणि उरलेल्यांत अक्षर कसंबसं बसवलं जातं. मशीन बाजूला ठेवलं तर शिरोरेषेला पायऱ्या पडतात, खालून तिरकं रोखलं तर कान्याला. इंग्रजी मजकुरात हे खपून जातं, कारण त्यांची अक्षरं सुटी-सुटी उभी असतात. आपली सगळी ओळ एका रेघेला लटकलेली. ती रेघ बिघडली की वाचणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण डोळा थकतो.

म्हणून एरवी मी कीस्टोन शून्यावर ठेवतो आणि टेबल हलवतो. टेबल हलवण्यावरून मी मंडपवाल्यांशी भांडलोय, एका लग्नात तर मुलीच्या काकांशी. लेन्स शिफ्टचं मशीन असतं तर भांडावं लागलं नसतं. त्यात लेन्स सरकते आणि एकही ठिपका वाया जात नाही. पण ते मशीन माझ्या भाड्यात बसत नाही.

दुसरा घोळ रिझोल्यूशनचा. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन १९२०×१०८०चा सिग्नल घेतं. दाखवतं स्वतःच्या ठिपक्यांत. माझ्या मशीनवर ते चित्र १२८०×७२० होतं, म्हणजे ठिपक्यांच्या दर तीन ओळी दोनांत कोंबल्या जातात. मग एका ओळीची शिरोरेषा ठसठशीत येते, पुढच्या ओळीची राखाडी. लॅपटॉपला आधीच १२८०×८०० सांगितलं की अक्षर स्वच्छ होतं. पण मध्ये सिग्नल वाटणारा स्वस्त स्प्लिटर असला तर तो मशीनची खरी माहिती लॅपटॉपपर्यंत पोचू देत नाही, स्वतःचंच काहीतरी सांगतो. स्प्लिटर काढून सरळ वायर जोडली की निम्मे आजार जातात. मात्र साध्या तांब्याच्या एचडीएमआय वायरीला दहा-पंधरा मीटरपुढे धाप लागते.

नेटवर्कचं सगळं भाची बघते. मशीनच्या मेनूत १६९.२५४नं सुरू होणारा पत्ता दिसला की ती लगेच सांगते, "मामा, राऊटरनं याला पत्ता दिलाच नाही, यानं स्वतःच घेतलाय." मशीन आणि लॅपटॉप एकाच वाडीतले हवेत, म्हणजे १९२.१६८.१पर्यंत सारखे आणि शेवटचा आकडा वेगळा, हे मी तिच्याकडून शिकलो. मशीन चालू-बंद ती मोबाइलवरून करते. चित्र मात्र मी वायफायवरून पाठवू देत नाही. हवेतून जाताना ते दाबलं जातं आणि अक्षराच्या कडेला धूळ बसल्यासारखी दिसते.

भूगाव-पिरंगुटच्या लॉनवर आता एलईडी वॉल आल्या. उजेडात चालतात, लोकांना झगमगाट आवडतो. पण तीन-चार मिलिमीटरला एक दिवा असलेल्या भिंतीवर बारीक मराठी मजकूर जवळून वाचून बघा, शिरोरेषेची मण्यांची माळ झालेली असते. लग्नवाली मंडळी पत्रिकेचा मजकूर त्या भिंतीवर टाकतात आणि पाहुण्यांपैकी कोणी तक्रारही करत नाही, याचा मला राग येतो.

१९७८ साली मी जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत कार्बनच्या कांड्या बदलायला लागलो. सिनेमास्कोपची लेन्स लावायची राहिली की पडद्यावरची माणसं बांबूसारखी लांबट दिसत. ते पब्लिकच्या आधी मी ओळखायचो. "याची नजर बघा," असं मालक चारचौघांत म्हणायचे. त्या एका वाक्यावर मी सगळा धंदा केला. माप घेतलं नाही, चाचणीचं चित्र लावलं नाही, माझी नजर हेच माप मानलं. पौडच्या त्या दिवसानंतर डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकत आलेला. बहुधा दोनेक वर्षं मी वाकड्या रेघा सरळ म्हणून लोकांना देत होतो. त्याचे पैसेही घेतले.

त्या दिवशी शाळेत पुढच्या चार रांगा उचलायला लावल्या, टेबल खांबाच्या पुढं मध्यावर आणलं, कीस्टोन शून्य केला. चित्र लहान झालं, बाईंना ते आवडलं नाही. भाची पडद्याशी उकिडवी बसली होती.

"पायऱ्या गेल्या?" मी विचारलं.

"गेल्या. पण रेघ जरा तिरकी आहे. अजून एक बोट उजवीकडे."

मी टेबल एक बोट सरकवलं.