खरवड

सणाच्या दिवशी पानात शिळे काही पडता कामा नये, असा आमच्या घराण्याचा एक अलिखित दंडक होता. तो पाळण्याचे श्रम बायकांकडे आणि तो पाळला गेला की नाही हे पाहण्याचा अधिकार पुरुषांकडे, अशी त्याची मोठी सोयीस्कर वाटणीही झालेली होती. हा अधिकार आम्ही चाळीस वर्षे निर्वेधपणे उपभोगला. तेव्हा एका नोव्हेंबरात, न्यू जर्सीत मुलीच्या घरी असताना, तिने दगडासारख्या गोठलेल्या भाजीचा एक पुठ्ठ्याचा खोका ओट्यावर ठेवून "उद्या सणाला हेच न्यायचे," असे सांगितले, त्या वेळी आमच्या भुवया आपोआप वर गेल्या यात नवल नाही.

सण होता थँक्सगिव्हिंगचा. अब्राहम लिंकनने १८६३ साली साऱ्या राष्ट्रासाठी जाहीर केलेला हा आभाराचा दिवस १९४१ च्या कायद्यापासून नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी पाळला जातो. शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हां सर्वांना जेवावयास बोलाविले होते आणि तिकडील रीतीप्रमाणे येताना एक भाजीची 'साइड डिश' आणण्यास सांगितले होते. आपल्या पानाला डावी बाजू असते तशी उजवीही असते, आणि दोहींचा मान ठरलेला असतो. तिकडे मध्यभागी टर्की पक्षी विराजमान होतो व बाकीचे सारे त्याच्या बाजूला. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाला मात्र त्या बाजूंवरच जेवण साजरे करावयाचे असल्यामुळे, बाजूला काय येणार हा प्रश्न आमच्या दृष्टीने अगदीच बाजूचा नव्हता.

"मी भरली वांगी करते की," आमच्या सौभाग्यवती पदर खोचून म्हणाल्या. "त्या खोक्याला कशाला हात लावायचा?"

मुलगी इस्पितळातील रात्रपाळी आटोपून नुकतीच आली होती. ती खुर्चीत बसता बसता म्हणाली, "आई, तू वांगी करशील, मग पोळ्या करशील, मग कोशिंबीर करशील. आणि जेवायला कधी बसशील? सणाच्या दिवशी तुला गरम जेवताना मी कधी पाहिलेलंच नाही."

हे वाक्य तिने आईला उद्देशून उच्चारले. परंतु ते येऊन लागले आम्हांला. आम्ही स्मरणाला पुष्कळ ताण दिला. दिवाळी आठवली, गौरी आठवल्या, पुरणाचा वास आठवला, आग्रह करणारा हात आठवला. पण त्या हाताची मालकीण पहिल्या पंक्तीला आमच्याशेजारी बसलेली काही केल्या आठवेना.

वादात हरू लागलेला माणूस शास्त्राचा आधार घेतो, तसा आम्हीही घेतला. पण शास्त्र उलटले. श्रावणातील शीतला सप्तमीला चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्नच खावयाचे, हे व्रत आमच्या आईने वर्षानुवर्षे केलेले. म्हणजे शिळ्यालाही सणात स्थान होतेच. त्या दिवशी चुलीला विश्रांती मिळे. आई मात्र आदल्या दिवशी दुप्पट राबे, आणि त्याबद्दल कोणत्याही शास्त्रकाराने हळहळ व्यक्त केल्याचे आमच्या वाचनात नाही.

बरे, ही गोठविलेली भाजी खरोखर शिळी तरी म्हणावी काय? क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाचा अमेरिकन निसर्गाभ्यासक १९१२ नंतर काही वर्षे लॅब्राडोरच्या हिमप्रदेशात राहिला होता. तेथे बर्फातून ओढून काढलेला मासा बोचऱ्या वाऱ्यात क्षणार्धात गोठतो आणि पुढे कित्येक दिवसांनी शिजविला तरी ताजा लागतो, हे त्याने पाहिले. त्यातील मर्म असे : अन्न सावकाश गोठले म्हणजे त्यातील पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशींची आवरणे फोडतात आणि वितळताच भाजीचा लगदा होतो, झटकन गोठले तर स्फटिक बारीक राहतात. या तत्त्वावर तयार केलेले पदार्थ १९३० साली मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत प्रथम विकावयास ठेवण्यात आले. त्यांत वाटाणा होता, पालकही होता. भाजी गोठविण्यापूर्वी तिला उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा चटका देतात, त्यामुळे रंग व चव बिघडविणारी द्रव्ये निष्प्रभ होतात. तोडल्यावर लवकर गोठविलेला फुलकोबी आणि चार दिवस हातगाडीवर सुकलेला फुलकोबी यांत अधिक शिळा कोणता, याचा निकाल आम्ही तूर्त राखून ठेवतो.

खोक्यातील पदार्थाचे नाव ग्रॅटिन. मूळ फ्रेंच उच्चार 'ग्रातँ' असा काहीसा. फुलकोबी आणि ब्रोकोली यांवर दुधामैद्याचा दाट रस, वर चीज, आणि सारे भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजावयाचे. सौभाग्यवतींनी चष्मा लावून खोक्यावरील घटक वाचले आणि विजयी मुद्रेने विचारले, "यात जायफळ कुठे आहे? दुधाच्या पदार्थाला जायफळ नको?" मुलगी हसली. त्या पांढऱ्या रसात जायफळ घालण्याची चाल फ्रेंच स्वयंपाकघरातही जुनीच आहे. मग आमच्या पुरणात पडणारे जायफळ त्या गोठलेल्या भाजीवर किसले गेले. लोण्यात परतलेला पावाचा चुराही पसरला गेला. एवढ्याने सौभाग्यवतींचा विरोध निम्मा मावळला.

पाककृतीपुरती टीप येथे देऊन ठेवतो. खोक्यावर पन्नास मिनिटे लिहिली होती. पन्नास मिनिटांनी कडा खदखदत होत्या आणि मध्यभागी चमचा घातला तो थंडगार! पुन्हा वीस मिनिटे भट्टीत गेली. शेवटी झाकण काढले तेव्हा पाणी आटून वर खमंग रंग चढला. चवीबद्दल खोटे बोलणार नाही. मीठ जास्त होते, आणि ब्रोकोलीचे दांडे पाणचट होते. पण कडेचा करकरीत भाग उत्तम झाला होता.

शेजारणीच्या मेजावर फरसबीचे एक कॅसरोलही मांडलेले होते. बाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, ही आमच्या आईच्या हातची चव. हा पदार्थ याच न्यू जर्सीतील कॅम्डेन गावी, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात, डॉर्कस रायली या बाईंच्या देखरेखीखाली १९५५ साली जन्मला : फरसबी, डब्यातील अळिंब्यांचे सूप आणि वर तळलेला कांदा. म्हणजे एका पिढीची डब्यातील सोय दुसऱ्या पिढीला आईच्या हातची चव झाली! आम्ही विचारात पडलो. त्या आईने डबाच फोडला असेल; पण मुलीला आठवतो तो डबा नव्हे, शेजारी बसून जेवलेली आई आठवते.

ग्रॅटिन वाढता वाढता मुलीने त्या शब्दाचा अर्थ सांगितला. 'ग्राते' या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ खरवडणे; ग्रॅटिन म्हणजे भांड्याला धरलेली, खरवडून काढावयाची ती पापडी. म्हणजे आपली खरवडच! आम्हांला आमच्या लहानपणीचे बासुंदीचे पातेले आठवले. त्याच्या खरवडीसाठी आम्ही भावंडे भांडत असू, आणि आई ती सारखी वाटून देई. सर्वांची पाने उठल्यावर ती स्वतः कशाशी जेवत असे, हे पाहावयास आम्ही कधी स्वयंपाकघरात फिरकलो नाही. पुढे लग्न झाल्यावरही फिरकलो नाही.

जेवण संपत आले तेव्हा भांड्याच्या कडेला तांबूस खरवड तेवढी उरली होती. आम्ही चमचा घेतला, ती नीट सोडविली आणि सौभाग्यवतींच्या ताटलीत घातली. चाळीस वर्षांत त्यांना काही वाढण्याची ही आमची पहिलीच वेळ असावी, कारण त्या दचकल्या.

"अहो, मला कशाला? मुलांना घाला," त्या सवयीने म्हणाल्या.

मुलांची पोटे भरली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कोणी मागत नाही अशी खात्री करून घेतली आणि एक घास तोंडात घातला.

"अजून गरम आहे," त्या म्हणाल्या.