ऊन आणि ऊन

उर्दू शाळेत मराठी शिकवायला उभे राहिले की काही शब्द हमखास पायात येतात. ‘ऊन’ त्यातलाच एक. आमच्या मुलांच्या घरी ऊन म्हणजे मेंढीच्या अंगावरची लोकर. मराठीच्या पुस्तकात मात्र ऊन पडते, तापते, कलते. एका मुलाने आम्हाला विचारले होते की मेंढीचे केस आभाळातून कसे पडतात? प्रश्न हसण्यासारखा होता, पण चुकीचा नव्हता. त्यातच शेजारच्या आजी ‘आंघोळीला ऊन पाणी काढलंय’ म्हणतात, म्हणजे ऊनचा तिसरा अर्थ. करमाळ्याच्या पोराला हे तिन्ही अर्थ सांभाळावे लागतात, आणि शिकवले नाही तरी दुसरी-तिसरीपर्यंत तो ते सांभाळायला लागतो.

आता ऊन पाण्यात ऊन घातले तर काय होते? ती आटते. हाही शब्द आम्हाला आवडतो. उर्दूत कपडा सिकुडतो, म्हणजे अंग चोरून घेतो. मराठीत तो आटतो. आटते काय काय? उन्हाळ्यात विहीर आटते, चुलीवर दूध आटते. विहीर आटली की काही उरत नाही, दूध आटले की दाट होते. लोकरीचे आटणे दुधासारखे आहे. लांबी-रुंदी जाते, पण जाते म्हणजे कुठे जात नाही, जाडीत येऊन बसते. वजन जवळपास तेवढेच राहते. सुती सदरा पहिल्या धुण्यात बोटभर आखडतो तो निराळा. विणताना ताणलेला धागा पाण्यात सैल पडून आपल्या मूळ जागी येतो, एवढेच. लोकरीचे आटणे हे नुसते सैल पडणे नाही.

त्याचे कारण कळायला आपल्याकडचे कुसळ आठवावे. माळावरून चालून आले की पायजम्याच्या कडेला कुसळे रुतलेली असतात. ती पुढे सरकतात, मागे येत नाहीत. काढायची तर ज्या बाजूने आत चालली त्याच बाजूने ओढून काढावी लागतात. लोकरीचा प्रत्येक केस असाच असतो. भिंगाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे खवले दिसतात, सगळे टोकाच्या दिशेने. कोरडे असताना ते एकमेकांना फारसे त्रास देत नाहीत. ऊन पाणी लागले की केस फुगतो, साबणाने निसरडा होतो, आणि वरून चोळले, आपटले, पिळले की प्रत्येक केस एकाच दिशेने सरकत शेजारच्यात घुसतो. मागे यायला वाव नसतो. अशा हजारो केसांची जी मिठी बसते ती मग कशानेही सुटत नाही. शाम्पूनंतर केसांना लावायच्या कंडिशनरमध्ये बुडवून ठेवा, ताणून टाचण्या लावा, थोडेफार सैल होते. पण पूर्ण बसलेली लोकर परत येत नाही. नुसत्या गरम पाण्यात गुपचूप पडलेल्या स्वेटरचे तेवढे बिघडत नाही. पाणी, ऊब आणि मार ही तिन्ही एकत्र आली की काम होते.

हे आपल्या मुलखाला नवीन नाही. दख्खनी मेंढी इथलीच. धनगर तिची लोकर कातरतात, सनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात. घोंगडे भिजले की मणाचे होते आणि लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याने ते नक्की स्वतः पिळून पाहिले असणार. आमच्याकडे मात्र लोकरीची ओळख घोंगड्यावरून नाही. दादाचे घराणे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, लोकर मिळाली तर तीही पिंजायची. पिंजलेली लोकर सारखी पसरून, साबणाचे ऊन पाणी शिंपडून, गुंडाळून पायाने, कोपराने तासन् तास दाबायची की मागाशिवाय, सुईशिवाय एक जाड कापड तयार होते. त्याला नमदा म्हणतात. जुन्या मराठीत त्याच जातीच्या पांघरुणाला बुरणूस म्हणत. बुरणूस हा शब्द आम्ही पुढे हदीस वाचताना पाहिला. एहराममध्ये जे कपडे घालायचे नाहीत त्यांत ‘बुरनुस’ आहे. तिथे तो टोपीचा झगा आहे, इथे पांघरूण झाला. एका अरबी झग्याने धनगराच्या खांद्यापर्यंत केवढा प्रवास केला! पिंजाऱ्यांना कोणी कमी लेखले की दादा सांगत, हल्लाज म्हणजे पिंजारीच, मन्सूर आपल्यातला. सूफी हा शब्दही ‘सूफ’वरून, म्हणजे लोकरीवरून आला असे बहुतेक जण मानतात. सूरह अल-कारिआमध्ये कयामतच्या दिवशी डोंगर कशासारखे होतील याला जी उपमा आहे ती पिंजलेल्या लोकरीची. ती समजायला ज्याने लोकर पिंजली आहे त्याला तफसीर लागत नाही, असे दादांचे म्हणणे. हे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की आम्हाला ते शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ आहे.

एवढे सगळे सांगायचे कारण अब्बांचा स्वेटर.

अब्बा एस.टी.त वाहक होते. मुक्कामी गाडी असली की रात्र डेपोबाहेर, आणि पहाटे पुन्हा गाडी. सोलापूर जिल्हा म्हटले की लोकांना ऊन आठवते, उन्हाळ्यातले. पौषातली इथली पहाट त्यांनी पाहिलेली नसते. उजनीच्या पाण्यावरून येणारा वारा खाकी कापडाला जुमानत नाही. म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या फुप्पीने, त्यांच्यासाठी अस्सल लोकरीचा स्वेटर विणला. काळपट तपकिरी, पूर्ण बाह्यांचा. नोकरीची बरीच वर्षे तो खाकीच्या आत राहिला. निवृत्तीनंतर फजरला जाताना वरून. नातू, म्हणजे भाईजानचा मुलगा, पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर मशिदीत जायचा, आणि थंडी फार असली की स्वेटरच्या खालच्या बाजूने आत शिरून चालायचा. रस्त्यात चार पायांचा माणूस दिसे.

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा बाकीचे कपडे चाळिसाव्याच्या आत वाटले गेले. स्वेटर अम्मीने दिला नाही. भाईजान म्हणाले, “गरजूंना द्यावा, सवाब मिळेल. मय्यतचे कपडे घरात नकोत.” मय्यतचे कपडे घरात ठेवू नयेत ही समजूत कुठून आली ते कोणी सांगत नाही, पण मानतात सगळे. मौलानांना विचारले तर ते म्हणाले, समजुतीला आधार नाही. कपडेसुद्धा तरका आहे, वारसांचा माल आहे. सगळे वारस राजी असतील तर द्या, नसतील तर देता येत नाही. मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. गणिताची सवय. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात भाईजानचे दोन भाग, आमचा एक. चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, भाईजानचे चौदा, आमचे सात. ज्या फुप्पीने तो टाक्याटाक्याने विणला तिचे शून्य, कारण मुलगा असला की बहिणीला वाटा नाही. कायदा कायद्याच्या जागी बरोबर आहे, त्यावर आमची तक्रार नाही. तरी तो शून्य लिहिताना पेन थोडे थांबले. कागद पाहून अम्मी म्हणाली, “मेरे तीन हिस्से नीचे की तरफ के समझ लो, जिधर बच्चा घुसता था.” त्यानंतर स्वेटरचा विषय दोन हिवाळे निघाला नाही. लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला यांच्यात तो पडून राहिला. खरेखुरे भिजत घोंगडे.

विषय काढला तो कसरीने. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर पेटी उघडली तर पाठीवर तीन आणि काखेत एक भोक. कसरीची अळी लोकर खाते, कारण तिला केसातले प्रथिन पचवता येते. न वापरलेले, अंधारातले कापड तर तिला फारच आवडते. सांभाळून ठेवलेलीच वस्तू जाते, वापरातली टिकते. अम्मी काही बोलली नाही, भोकांवर बोट फिरवत बसली. नातू तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, “मेरेकू दे दो.” घालून पाहिला तर बाह्या बोटांच्या खाली, खांदे कोपरावर. भाईजान म्हणाले, शिंप्याकडून कापून घेऊ. फुप्पी तिथेच सुपारी कातरत होती. म्हणाली, “विणेला कपडा कापते क्या? सब उसवेगा. मै आटवके देती.”

अम्मी घाबरली. घाबरण्यासारखेच होते. कापलेले शिवता येते. आटलेले वाढवता येत नाही. पाच मिनिटे जास्त झाली तर तेरा वर्षांच्या मुलाऐवजी तीन वर्षांच्या मुलाचा स्वेटर हातात येईल, आणि अब्बांची दुसरी वस्तू घरात उरली नव्हती. चष्मा आणि वाहकाचा बिल्ला सोडला तर. भाईजानांनी आपले चौदा हिस्से फुप्पीच्या हवाली केले, आम्ही सात. अम्मी रात्रभर विचार करते म्हणाली आणि सकाळी स्वतः चुलीवर पाणी ठेवलेले दिसले.

फुप्पीने आधी काखेतला एक धागा काढून काडीने पेटवला. केस जळल्याचा वास आला, राख बोटात चुरली. म्हणजे शुद्ध लोकर. विणणारी तीच, तरी खात्री केली. शाळेच्या गणवेशाचे स्वेटर बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, तो धागा जळताना वितळून कडक मणी होतो. त्याला कितीही उकळा, असा आटायचा नाही. आजकाल खरी लोकरही कारखान्यात क्लोरीनने खवले झिजवून आणि वर राळेचा पातळ थर देऊन मशीनमध्ये धुण्याजोगी करतात, तीही सहसा दाद देत नाही. हा जुना, बिनसंस्काराचा धागा होता, म्हणून आशा होती. मग तिने चारही भोके खालच्या पट्टीतून काढलेल्या त्याच लोकरीने रफू केली. भोक तसेच ठेवून आटवले तर मोठे होते. गळ्याला सुती दोऱ्याचा टाका घातला, गळा पसरू नये म्हणून. नातवाचा अंगात बसणारा स्वेटर मापाला शेजारी ठेवला. आम्ही टेपने मोजून लिहिले, छाती ४४ इंच, उंची २७.

एका टबात हाताला जेमतेम सोसेल असे पाणी, दुसऱ्यात गार. आमचे बोअरचे पाणी जड, साबण फेस धरत नाही, म्हणून पिण्याच्या नळाचे पाणी भरून ठेवले होते. आम्ही धुण्याचा सोडा पुढे केला तर फुप्पीने हात झटकला, “सोडा नक्को, ऊन गल जाती.” सोड्याने लोकर खरेच कमजोर होते, हे पुस्तकातही आहे. वडीचा साबण लावून ती पाटावर रगडत राहिली, पोळीच्या कणकेसारखी. मग गार पाण्यात. मग पुन्हा ऊन पाण्यात. बाह्या एकीकडे, अंग एकीकडे, आणि मध्ये मध्ये आत हात घालून दोन्ही पदर सुटे करायचे, नाहीतर पाठ आणि पोट एकमेकांना चिकटून बसतात. पहिली वीस मिनिटे काहीच झाले नाही. उलट भिजून तो आणखी लांब दिसू लागला. भाईजान उठून गेले. त्यानंतर एकदम हाताखाली कापड घट्ट झाले, टाके दिसेनासे होऊ लागले. फुप्पी दर दोन मिनिटांनी तो मापाच्या स्वेटरवर ठेवून पाहू लागली. अम्मी दारात तसबीह घेऊन उभी होती, पण मणी पुढे सरकत नव्हते, आम्ही पाहिले.

“बस,” अम्मीच म्हणाली. फुप्पी म्हणाली, “और थोडा, दुल्हन. बाह्या लंबे है.” अम्मीने टबात हात घालून स्वेटर उचलून घेतला. वयाने मोठी नणंद, तिच्या हातातून. घरात असे कधी झाले नव्हते. फुप्पी क्षणभर पाहत राहिली आणि मग लिंबू मागितले. शेवटच्या पाण्यात लिंबू पिळले की साबणाचा खार मरतो. पिळायचे नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचे. दोरीवर टाकायचे नाही, पाण्याच्या वजनाने ओघळते. खाटेवर चादर घालून, हाताने चौकोन करून सावलीत ठेवायचे. तीन दिवस लागले. अम्मी तो उलथवायला दर नमाजनंतर उठत होती.

वाळल्यावर छाती ३६, उंची २१. उंची जास्त गेली, विणेचे असे होतेच. बाह्या फुप्पी म्हणाली तशा अर्धा इंच लांबच राहिल्या, त्या दुमडल्या. रफू शोधून सापडले नाही. वारा लागेना. जुना स्वेटर उबदार होता पण त्यातून वारा शिरायचा, असे नातू सांगतो, आणि त्याने तो आतून पाहिलेला आहे.

तो हिवाळा त्याने घातला, पुढचा घातला. आता बाह्या मनगटाच्या वर गेल्या आहेत आणि खांद्याला ओढ बसते. मुलगा वाढणारच. फुप्पीचे म्हणणे, आता कापायला हरकत नाही. आटलेली लोकर कात्रीने कापली तरी उसवत नाही, नमदाच तो. बाह्यांच्या दोन टोप्या होतील. भाईजान राजी आहेत, आमचेही सात हिस्से दिले. अम्मीने मात्र खालचा तुकडा आधीच मागून ठेवला आहे. तिचे गुडघे दुखतात, सजद्याला जाताना खाली काही जाड लागते. मुसल्ल्याच्या मापाने ती टेप लावून पाहत होती, रुंदी पुरते का म्हणून. चार बोटे कमी पडते.