सातच्या आत

आमच्या घरात तीन घड्याळे होती आणि तिघांची वेळ निरनिराळी असे. पण एका बाबतीत त्यांचे एकमत असावे लागे. मुलीने संध्याकाळी सातच्या आत घरी यायचे. हा नियम काही माझ्या डोक्यातून निघालेला नव्हे. माझी आजी 'दिवेलागणीच्या आत' म्हणे, आई 'अंधार पडायच्या आत' म्हणे. मी पडले गणिताची मास्तरीण. एवढ्या मोघमपणावर माझे समाधान होईना, म्हणून मी त्यात आकडा घातला, इतकेच. मुलाला असा नियम नव्हता. का नव्हता, हे कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही.

लेक कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत तिला काम मिळाले. तालमी रात्री साडेनऊपर्यंत चालत. मी नको म्हटले. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने पानावर येऊन बसली आणि नाटकाचे नाव तिने घरात पुन्हा काढले नाही. मला वाटले, प्रश्न सुटला. गणित सुटले की पाटी पुसून टाकायची, ही माझी जुनी सवय!

हे सगळे आठवायचे कारण घडले ते पुण्यात नव्हे, लंडनमध्ये. 2020 च्या नोव्हेंबरात मी लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेले. बरोबर अळीव, डिंक, बाळंतकाढा, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचे गाठोडे. डिसेंबरात हिंदुस्थानची विमाने बंद झाली. जानेवारीत इंग्लंडभर पुन्हा टाळेबंदी आली. आणि त्याच महिन्यात नात आली. दक्षिण लंडनमधल्या बॅलम भागात त्यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. जावई डॉक्टर, करोनाच्या वॉर्डात त्यांची पाळी असे. घरी आले की दारातच कपडे उतरवून आंघोळीला पळायचे आणि मगच लेकीला जवळ घ्यायचे. पुष्कळदा तोवर ती झोपून गेलेली असे.

3 मार्च 2021 च्या रात्री नऊच्या सुमारास सारा एव्हरार्ड नावाची तेहतीस वर्षांची बाई क्लॅपहॅमहून मैत्रिणीच्या घरून निघाली आणि ब्रिक्स्टनच्या आपल्या घरी पोचलीच नाही. ज्या रस्त्यावर ती शेवटची दिसली, तो आमच्या घरापासून फार दूर नव्हता. आठवड्याभरात केंट परगण्यातल्या एका रानात तिचा देह सापडला. पकडला गेलेला माणूस चोर-दरोडेखोर नव्हता. लंडनच्याच पोलीसदलातला शिपाई होता.

क्लॅपहॅम कॉमन म्हणून तिथे एक विस्तीर्ण मैदान आहे आणि त्याच्या मध्यावर जुना बँडस्टँड. शनिवारी, 13 तारखेला संध्याकाळी सहा वाजता तिथे दिवे घेऊन शांतपणे उभे राहावे, असे त्या भागातल्या काही बायकांनी ठरवले. पोलिसांनी हरकत घेतली. टाळेबंदीत चारचौघांत जमायचे तर 'वाजवी कारण' हवे, असा कायदा होता. निषेध हे वाजवी कारण होऊ शकते की नाही, यावर सारा वाद. बायका शुक्रवारी हायकोर्टात गेल्या. न्यायमूर्तींनी कौल दिला नाही. पोलिसांशी बोला म्हणाले. पोलीस नकारावर ठाम राहिले. दहा-दहा हजार पौंडांच्या दंडाची टांगती तलवार पाहून शनिवारी सकाळी त्यांनी सभा रद्द केली आणि रात्री साडेनऊला आपापल्या दारात दिवा लावा, असे कळवले.

त्या शुक्रवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरातही कोर्ट बसले होते.

"आई, तुम्हीच सांगा हिला," जावई म्हणाले. "सव्वा लाखाच्या वर माणसं गेलीत या देशात. काल एक गृहस्थ गेले, त्यांच्या मुलीला मी फोनवरून सांगितलं. अंत्यविधीला तीसांच्या वर माणूस चालत नाही. त्या मुलीनं नियम पाळायचा आणि इतरांनी मैदानात गर्दी करायची?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. डोळ्यांखालची काळी वर्तुळेच त्यांची साक्ष देत होती.

लेक मुलीला खांद्यावर थोपटत होती. तिथूनच म्हणाली, "नियम तर त्या सारानंही पाळले. उजेडाच्या रस्त्यानं गेली. दुरून दिसेल असे कपडे, पळता येतील असे बूट. वाटेत आपल्या माणसाशी फोनवर बोलली. सगळं आईच्या शिकवणीप्रमाणं! आणि आता त्या भागातल्या बायकांना काय सांगतात? एकट्या बाहेर पडू नका."

त्याच सुमारास इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात एका बाईंनी, जेनी जोन्स त्यांचे नाव, संध्याकाळी सहानंतर पुरुषांनाच घराबाहेर पडायला बंदी करावी, असे बोलून दाखवले होते. बायकांना घरी बसवताना कोणाला काही वाटत नाही, हे दाखवण्यासाठी त्या तसे बोलल्या. पण देशभर केवढा गहजब झाला! लेक मला म्हणाली, "आई, तुझंच वाक्य आहे हे. फक्त उलटं करून घातलंय, आणि वर एक तास कमी!"

मी हसले. मग हसू ओठांवरच राहिले.

"पण अशाच दोन बहिणी गेल्या वर्षी वेंब्लीच्या बागेत मारल्या गेल्या," ती जरा वेळाने म्हणाली. "काळ्या होत्या. त्यांच्यासाठी एवढे दिवे लागले नाहीत. माझ्यासाठी लागतील का गं?" जावयांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

अखेर तडजोड मीच काढली. शनिवारी दुपारी फिरायला म्हणून आम्ही मायलेकींनी बाळाला गाडीत घालून जायचे, फुले ठेवायची आणि उजेडी परतायचे. जावई काही बोलले नाहीत. पण बाळाच्या गाडीवरचे पांघरूण त्यांनी दोनदा नीट केले.

बँडस्टँडच्या भोवती फुलांचा ढीग लागला होता. डॅफोडिलची पिवळी फुले त्या दिवसांत तिकडे जिथे तिथे. बायका येत, फुले ठेवत, थोडा वेळ उभ्या राहत. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. एक म्हातारी गुडघ्यावर बसली आणि तिला उठता येईना. दोन अनोळखी मुलींनी तिला हात दिला आणि मग संसर्गाची आठवण होऊन तिघीही ओशाळल्या. राजघराण्याची सून केटही त्याच दिवशी येऊन फुले ठेवून गेली, हे आम्हांला मागाहून कळले.

उन्हे कलली. मी म्हटले, "चल, सहा वाजत आले. अंधार पडेल."

लेक जागची हलली नाही. "थोडा वेळ थांबू ना."

"चल म्हणते ना!"

तिने माझ्याकडे पाहिले. "आई, आजही?"

एवढेच म्हणाली आणि गाडी वळवली. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

पुढचे जगाने पाहिले. सभा रद्द झाली तरी शेकडो माणसे आली. अंधार पडल्यावर पोलीस गर्दीत शिरले. त्यांनी बायकांना बँडस्टँडवरून हटवले, काहींना पकडले. तांबड्या केसांची एक मुलगी जमिनीवर दाबून धरलेली, हे छायाचित्र दुसऱ्या दिवशी घरोघर पोचले. आम्ही साडेनऊला दारात पणती लावली, मी पुण्याहून नेलेली. आत टेलिव्हिजनवर ती दृश्ये चालली होती. माझ्या तोंडून निघून गेले, "बरं झालं, आपण वेळेवर परत आलो."

"तुझं नेहमीच बरं झालेलं असतं," लेक म्हणाली. बाळ तिच्या पदराखाली होते. आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून ती हळू बोलली, आणि ते फार लागले. "आमची ती एकांकिका त्या वर्षी अंतिम फेरीला गेली होती. तुला माहीत तरी आहे का?"

मला माहीत नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

पुढचे काही दिवस सारा देश भांडत होता. पोलिसांनी कायदा पाळला, असे एक म्हणे. ज्या दलातला माणूस खुनाच्या आरोपाखाली कोठडीत, त्याच दलाने शोक करणाऱ्या बायकांना जमिनीवर पाडावे काय, असे दुसरा म्हणे. दलाच्या प्रमुखपदी क्रेसिडा डिक, त्या जागेवर बसलेल्या पहिल्या बाई. सभा कायदेशीर असती तर मीही गेले असते, असे त्या म्हणाल्या. राजीनामा मात्र द्यायला तयार झाल्या नाहीत. महिनाअखेर सरकारी तपासनिसांचा अहवाल आला: पोलीस योग्यच वागले.

शेजारी यॉर्कशरची एक वृद्ध बाई राहत असे. कुंपणापलीकडून आमचे बोलणे होई. ती म्हणाली, "1977 साली लीड्समध्ये आम्हांला हेच ऐकवत होते. बायका मारणारा एक जण मोकाट होता, आणि अंधार पडल्यावर घरात बसा म्हणून सांगत ते आम्हांला! तेव्हा आम्ही दिवट्या घेऊन रात्री रस्त्यावर उतरलो."

मला आमचे पुणे आठवले. प्लेगात गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेल्याच्या गोष्टी आजी सांगे. 1897 साली रँडच्या अमलात गोरे सोजीर घरांत शिरत, माजघरापर्यंत जात, बायकांना बाहेर काढत. प्लेगच्या व्यवस्थेत बायका-मुलींना संरक्षण नाही, अशी तक्रार पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून केली. प्रश्न थेट विलायतच्या पार्लमेंटात गेला, आणि मुंबईच्या गव्हर्नरांनी तक्रार साफ नाकारली. गोपाळराव गोखले तेव्हा इंग्लंडातच होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथे सोजिरांवर अत्याचाराचा आरोप केला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, आणि त्या सज्जन माणसाला जाहीर माफी मागावी लागली. रोग खरा होता, त्याचा बंदोबस्तही हवाच होता. पण बंदोबस्ताला आलेल्या माणसाचेच भय वाटले तर बाईने कोणाकडे जावे, हा प्रश्न तेव्हाही साथीच्या नावाखाली बाजूला सारला गेला. शाळेत मी हा इतिहास ऐकला होता. त्यात रँड होता, चापेकर होते. त्या बायका कुठे नव्हत्या.

एप्रिलात मी पुण्याला परतले. लेकीने विमानतळावर मिठी मारली. पण ते वाक्य आमच्या दोघींच्या मध्ये उभेच होते.

सप्टेंबरअखेर खटल्याचा निकाल लागला आणि त्या शिपायाला मरेपर्यंत तुरुंगवास झाला. सरकारी वकिलांनी कोर्टात जे सांगितले, ते वाचून माझ्या हातातला चहा निवला. त्याने साराला पोलिसाचे ओळखपत्र दाखवले, टाळेबंदीचा नियम मोडल्याच्या बहाण्याने अटक केल्याचे भासवले, आणि बेड्या घालून गाडीत बसवले. म्हणजे ती कोणा परक्याच्या गाडीत चढली नव्हती. तिने कायद्याचे ऐकले होते. माझ्या मुलीनेही तेच केले असते. मीच तिला तसे वाढवले होते. यावर पोलिसांचा सल्ला काय, तर अशा वेळी संशय आला तर ओरडा, जाणाऱ्या बसला हात करा!

मी लंडनला फोन लावला. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. म्हटले, "त्या एकांकिकेत तुला काम कसलं होतं गं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती सांगू लागली. अर्धा तास सांगत होती. मधली दोन वाक्ये तिने तशीच्या तशी म्हणून दाखवली; इतक्या वर्षांनी तिला ती पाठ होती. मी नुसती ऐकत राहिले. माफी मागायला शब्द सापडले नाहीत. पण तिने ते मागितलेही नाहीत.

मार्च 2022 मध्ये हायकोर्टाने निकाल दिला, की सभेला 'वाजवी कारण' असू शकते का, याचा पोलिसांनी नीट विचारच केला नाही आणि त्या बायकांच्या हक्कांचा भंग केला. त्या रात्री पकडलेल्यांपैकी दोघींची पोलिसांनी 2023 साली माफी मागून भरपाईही दिली. निकालाच्या दिवशी जावयांचाच फोन आला. "आई, माझे आकडे चुकीचे नव्हते," ते म्हणाले. "पण अंतर राखून, तोंड झाकून उभं राहता आलं असतं, एवढं मी त्या रात्री तिचं ऐकून घ्यायला हवं होतं." मी म्हटले, "तुम्ही तरी थकलेले होतात. मला कसलं निमित्त होतं?"

यंदा दिवाळीला सगळी पुण्याला आली आहेत. वसुबारसेच्या संध्याकाळी नातीने पणत्यांचे ताट उचलले आणि म्हणाली, "आजी, मी कोपऱ्यापर्यंत एकेक ठेवत जाणार." बाहेर काळोख दाटला होता. घड्याळे पाहिली; त्यांतल्या एकात सात वाजून गेले होते. 'अंधार पडलाय, आत ये,' हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले. दाराशी लेक उभी होती. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती.

मी चपला पायांत सरकवल्या आणि तेलाची बुधली घेऊन नातीच्या मागोमाग निघाले.