राजमाचीच्या वाटेवर

लोणावळें म्हटलें कीं चिक्की, भुशीचें धरण आणि पावसांत भिजणाऱ्या मंडळींची दाटी हेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. आमचा यंदाचा मार्गशीर्षांतला बेत निराळा होता. तुंगार्लीवरून राजमाचीपर्यंत पायीं जावयाचें, उधेवाडीस रात्र काढावयाची आणि दुसऱ्या दिवशीं परतावयाचें. वाट सुमारें १५ किलोमीटरची, रानांतून जाणारी. साठी उलटलेल्या माणसासही झेपण्याजोगी. सोबतीस माझी भाची होती.

तिच्या पिशवींत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. बेन अॅरोनोविच नांवाच्या लेखकाची ही मालिका २०११ सालीं सुरू झाली. तिचा नायक लंडनच्या पोलिसांतील साधा शिपाई असून जादू शिकतो, आणि थेम्स व तिला मिळणाऱ्या नद्या त्या शहरांत देहधारी देवता होऊन वावरतात. खरोखरीची फ्लीट नदी आज लंडनच्या रस्त्यांखालीं गाडली गेली आहे. "पुढच्या भागांत तिची गोष्ट सविस्तर यावी, मामा," असें भाचीचें म्हणणें. कोणत्या पात्राचें काय व्हावें, याचीही तिची यादी तयार होती. मी हंसलों, तें तिला आवडलें नाहीं. आणि वस्तुतः मला हंसण्याचा अधिकारही नव्हता.

गो. नी. दांडेकर आमच्या मावळांतले, तळेगांव दाभाड्याचे रहिवासी. १९५५ सालीं 'पवनाकाठचा धोंडी' आली, तिच्यांत तुंग. १९५८ सालीं 'माचीवरला बुधा' आली, तिच्यांत ही राजमाची. पुढें 'जैत रे जैत'मध्यें कर्नाळा, 'रानभुली'मध्यें रायगड. पात्रें निराळीं, कथानकांचा परस्परांशीं संबंध नाहीं. तरी माझ्यासारख्या वाचकांच्या मनांत ती मालिकाच होती, आणि प्रत्येक पुस्तक मिटतांना प्रश्न एकच: आतां कोणता गड?

माझें मागणें लोहगडाचें होतें. विंचूकाट्याच्या टोंकावर गुरें राखणारा एखादा पोर, खालीं पवनेचें खोरें, पलीकडे विसापूर, सारें मीं मनांत मांडूनच ठेविलें होतें. तें सर्व एका पत्रांत लिहून मी एकदां तळेगांवास गेलोंही. पण दारापासून संकोचानें परतलों. लेखकानें काय लिहावें हें सांगणारे आपण कोण, असें वाटलें. १ जून १९९८ रोजीं ते निवर्तले. पत्र अजून 'बुधा'च्या पानांत आहे.

हें ऐकून भाची वाटेंतच थबकली. "दिलें कां नाहीं? फार तर नाहीं म्हणाले असते." मजपाशीं उत्तर नव्हतें. कांहीं वेळानें तिनेंच विचारलें, "इंद्रायणी लोणावळ्याजवळच उगम पावते ना? मग तिच्यावर कोणीं लिहिलें?" देहू-आळंदीच्या इंद्रायणीवर लिहिणारे पुष्कळ, पण घाटमाथ्यावरच्या या बाल-ओहळाची कथा माझ्या तरी वाचनांत नाहीं. लंडनकरास आपल्या गाडलेल्या नदीविषयीं जें वाटतें, तेंच मला लोहगडाविषयीं वाटत होतें, हें तेव्हां कोठें ध्यानांत आलें. कथा पुढें सरकावी ही हौस निराळी, आणि आपला गांव छापलेला पाहावा ही भूक निराळी. दुसरी अधिक चिवट असते.

दुपार कलतां श्रीवर्धन व मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर आले. दोहोंमधील खिंडींत भैरवनाथाचें देऊळ. खालीं उल्हास नदीची दरी निळसर धुक्यानें भरली होती, आणि बोरघाटांतून चढणाऱ्या आगगाडीची शीळ मधूनच ऐकूं येई.

रात्रीं उधेवाडींत पिठलें-भाकरी झाली. भाचीनें घरच्या म्हाताऱ्यास विचारलें, "आजोबा, बुधाचें घर कोणत्या बाजूस होतें?"

म्हातारा हंसला. "गोष्टीतला बुध्या नव्हं? येनारं समदं त्येच इचारत्यात." असें म्हणून त्यानें अंधारांतच पठाराकडे हात केला. पुस्तकांतल्या माणसाचें घर त्याला इतकें ठाऊक, कीं मलाही क्षणभर तेथें दिवा दिसल्याचा भास झाला.

दुसऱ्या दिवशीं लोणावळ्यास उतरल्यावर भाचीनें पोस्टांत जाऊन पाकीट घेतलें, तेथल्या बांकावर बसून लंडनच्या प्रकाशकांच्या पत्त्यावर दोन पानें लिहिलीं. पहिलें पान फ्लीटचें, दुसरें इंद्रायणीचें. तिकिटें लावून ती पेटीकडे निघाली, तेव्हां तें पाकीट मीं तिच्या हातून घेतलें आणि स्वतःच पेटींत टाकलें.