विमानतळाशेजारचे खाचर



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुतण्याचा गावाहून फोन आला. "काका, रस्त्याकडेचं आपलं खालचं खाचर घ्यायला गिऱ्हाईक आलंय. भराव घालून हॉटेल बांधणार म्हणतात. भाव चांगला देतायत. काय करू?"

आमचे गाव तळकोकणात, गोव्याच्या सरहद्दीजवळ. पलीकडे मोपा येथे जानेवारी 2023 मध्ये नवा विमानतळ सुरू झाला आणि अलीकडच्या जमिनींनाही भाव आला. बियाणे कोणते, खत किती, हे मी चटकन सांगतो. हा माझा रोजचा धंदा आहे. या प्रश्नाला मात्र मी थांबलो. मला कोचीची आठवण झाली.

2019 साली शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलीबरोबर मी केरळात गेलो होतो. कोचीजवळ नेडुंबासेरी येथला विमानतळ 1999 साली सुरू झाला. त्यात राज्य सरकारबरोबर परदेशी नोकरीला गेलेल्या हजारो मल्याळी लोकांनी आपली कमाई घातली. 2017-18 या एका वर्षात तेथून 1 कोटी प्रवासी गेले-आले. केरळची भाजी आणि फळे तेथून विमानाने आखातात जातात. 2015 पासून विमानतळ स्वतःच्या सौरऊर्जेवर चालतो. आणि गंमत अशी, की सौरपट्ट्यांच्या मधल्या जागेत भाजीपाला पिकवतात. पट्ट्या धुतलेले पाणी पिकाला मिळते आणि पिकामुळे तण व धूळ कमी होते. असा विमानतळ पाहून आमचे शेतकरी खूश झाले.

पण हा विमानतळ उभा आहे भातशेतीच्या सखल जमिनीवर. तिथून चेंगल तोडू नावाचा ओढा वाहतो, आपल्याकडच्या व्हाळासारखा. धावपट्टीसाठी तो अडवून वळवला गेला. ऑगस्ट 2018 मध्ये अतोनात पाऊस झाला, धरणांचे दरवाजे उघडावे लागले, पेरियार नदीला महापूर आला. धावपट्टीवर पाणी चढले, कुंपणाची भिंत कोसळली आणि विमानतळ 15 ते 29 ऑगस्ट बंद राहिला. पुढे विमानतळानेच खर्च करून आसपासचे ओढे-नाले मोकळे केले.

हे ऐकताना मी मान खाली घातली. वीस वर्षांपूर्वी गावी घर बांधताना मी स्वतः खाचराच्या कडेला भराव घातला होता. पाण्याची मोरी बुजली. खालच्या शेजाऱ्याचे भात दोन वर्षे पाण्यात कुजले. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस! शेजारच्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, तुमचं घर कोरडं राहिलं हो." तिसऱ्या वर्षी मी भराव फोडून मोठा पाइप टाकला. पण ते वाक्य अजून कानात आहे.

म्हणून पुतण्याला म्हटले, "विकायचंच असेल तर वरची वरकस जमीन दे. खाचर ठेव."

तो म्हणाला, "काका, वरच्या जमिनीला निम्माही भाव येत नाही. आणि मुलीची कॉलेजची फी दरवर्षी भरायची आहे."

त्याचे खोटे नव्हते. पगारदार काकाने फुकटचा सल्ला देणे सोपे असते. मी रजा टाकून गावी गेलो. भर पावसात आम्ही दोघे बांधावरून हिंडलो. वरच्या सहा शेतांचे पाणी आमच्याच खाचरातून व्हाळाला जाते, हे त्याने प्रथमच नीट पाहिले. शेवटी वरकसातला तुकडा कमी भावात गेला. उरलेल्या फीचा अर्धा भार मी उचलला.

मंडळी, विमानतळाला नावे ठेवू नका. आपल्या पोरांना तिथे काम मिळेल, आपला माल परदेशी जाईल. पण जमिनीचा व्यवहार करण्याआधी एकदा भर पावसात शेतावर उभे राहा. पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहा. आपल्या भरावाने कोणाचे शेत बुडेल, हे शेजाऱ्याला विचारा. सातबारावर क्षेत्र लिहिलेले असते, पाण्याची वाट लिहिलेली नसते. ती आपणच ध्यानात ठेवायची.